निळ्या बर्फाची व्हिजिट

पासपोर्टच्या ऑफिसात खिडकीतल्या बाईंनी गारेगारांचं खरं नाव तीनदा पुकारलं, तेव्हा ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "कुठे उलथलेत हे गृहस्थ? बाई बिचाऱ्या केव्हापासून घसा फोडतायत." चौथ्या वेळी बायकोने कोपराने ढोसलं.

"अहो, तुम्हालाच बोलावतायत."

"मला? मग नीट बोलवावं की!"

नीट म्हणजे 'गारेगार'. अडतीस वर्षं फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाचं दुसरं काय नाव पडणार? काम झालं की ते फ्रिजच्या पोटात हात घालतात, डोळे मिटतात, नाडी बघितल्यासारखे थोडे थांबतात आणि मग म्हणतात, "गारेगार!" हा शब्द तोंडातून निघाल्याशिवाय हत्यारं पिशवीत जात नाहीत. शब्द आधी गिऱ्हाइकांनी उचलला, मग गल्लीने, शेवटी सासुरवाडीने. सासुरवाडीने उचललं की नाव कायम झालं म्हणून समजावं.

अशा माणसाला बासष्टाव्या वर्षी पासपोर्ट कशाला लागावा? दुकानापासून घर चारशे पावलं, आणि तेवढ्यातही ते दोनदा थांबून कुणाच्या तरी फ्रिजची चौकशी करतात. पण त्याचं मूळ एका डगडगणाऱ्या फ्रिजमध्ये होतं.

एका घरी फ्रिज चालू झाला की थाडथाड वाजायचा. गारेगारांनी खाली वाकून बघितलं, तर एका पायाखाली घडी घातलेलं मासिक. "हे कुणी खुपसलं इथे? पाय फिरवला की वर-खाली होतो, त्याला मासिक वाचायला कशाला देता?" असं म्हणत त्यांनी ते ओढून काढलं, पाय फिरवला, आवाज बंद झाला. मासिक फेकणार तेवढ्यात घडी उलगडली. आत फोटो होता. परदेशातलं कुठलंसं उद्यान, पण त्यात ना झाड ना बाक. नुसता बर्फ. डोंगराच्या खांद्यावरून खाली सांडलेला, तीन मजली घराएवढा उंच, आणि त्याला हात टेकून उभा असलेला एक माणूस. बर्फ निळा होता.

गारेगार फरशीवर तसेच बसले. निळा? अडतीस वर्षांत त्यांनी पांढरा बर्फ बघितला होता, पिवळट बघितला होता, एकदा सरबताची बाटली फुटून झालेला लाल बर्फसुद्धा बघितला होता. पण निळा नाही.

"काका, काही मोठं निघालं का?" घरच्या बाईंनी घाबरून विचारलं.

"मोठं आहे," गारेगार म्हणाले. "हे मी घेऊन जाऊ?"

त्या दिवसापासून डोक्यात भुंगा शिरला. हा माणूस आयुष्यभर बर्फाच्या मागे लागला होता, पण तो घालवायला. बर्फ साचला, बोलवा गारेगारांना. सुरी घालून खरवडू नका, पत्र्याला भोक पडेल आणि गॅस जाईल, हे वाक्य त्यांनी इतक्या घरांत सांगितलं होतं की झोपेतही पुटपुटायचे. आणि इथे हा बर्फ, ज्याला ना कॉम्प्रेसर ना दार ना थर्मोस्टॅट, हजारो वर्षं आपला आपण उभा! जेवता जेवता ते घास हातात धरून विचारायचे, "पण मग त्याचं डिफ्रॉस्ट कोण करतं?"

"आधी ताट रिकामं करा," बायको म्हणायची. "ते डिफ्रॉस्ट मी करते."

मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. तिने फोनवर त्या उद्यानाचे जुने-नवे फोटो ओळीने लावून दाखवले. दर फोटोत बर्फ थोडा वर सरकलेला, खाली उघडे दगड. गारेगारांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाला लावला आणि निदान केलं.

"गॅस कमी झालाय. बघ, वरच्याच बाजूला बर्फ धरतोय, खाली कोरडं. शंभर टक्के गळती."

"बाबा, इथे उलटं आहे. हवेतला गॅस वाढलाय म्हणून बर्फ कमी होतोय."

गारेगारांनी फोन मुलीला परत दिला. तिला वाटलं, निदान मागे घेतलं. पण ते म्हणाले, "बरोबर आहे. जास्त भरला तरी गारवा बिघडतोच. नवशिके नेहमी तीच चूक करतात. कुणी भरला?"

"सगळ्यांनी मिळून."

"मग तर कुणीच कबूल होणार नाही," गारेगार म्हणाले. "मला तिथे जाऊन एकदा हात लावायचाय."

एवढंच. देश बघायचा नव्हता, शहरं बघायची नव्हती. निळ्या बर्फावर तळहात टेकायचा, डोळे मिटायचे आणि थोडं थांबायचं. बायकोला आधी हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने 'मला हवंय' म्हणून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. साधा शर्टसुद्धा ते 'कशाला' म्हणून घेत आले होते.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी नाही येणार गोठायला. माझे गुडघे इथेच कुरकुरतात. बहिणीकडे जाऊन राहीन चार दिवस."

तयारी सुरू झाली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, तिथली हवा विरळ आहे, घाईने चढायचं नाही, वाटेत दोन मुक्काम करायचे, डोकं दुखलं की मुकाट्याने खाली यायचं. "आणि दम वाढवा." मग गारेगार रोज संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून इमारतीचे जिने चढू-उतरू लागले. वाटेतली दारं उघडायची. "गारेगार, आमच्याकडे आलात का?" "नाही, परदेशी चाललोय," असं धापा टाकत सांगून ते पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी पिशवीबरोबर चार घरची कामंही गळ्यात पडली.

मुलीने मात्र उद्यानाचे नियम वाचले आणि तिचा चेहरा पडला. फोटो जुना होता. आता बर्फ मागे सरकला होता, त्याची कड केव्हा ढासळेल याचा भरवसा नव्हता. परदेशी पाहुणे आठवड्याला फक्त आठ, आणि तेही बर्फापासून दोनशे पावलांवरच्या लाकडी कठड्यापर्यंत. कठड्याच्या पुढे फक्त बर्फाचे जाणकार जाऊ शकत होते, वेगळी परवानगी काढून.

"म्हणजे हात लावायला नाही मिळणार, बाबा."

"बघू," गारेगार म्हणाले. "तिथे गेल्यावर सांगून बघू. माणसंच असतील ना?"

फॉर्म कागदावर छापून, हाताने भरून, फोटो काढून पाठवायचा होता. मुलीची परीक्षांची कामं चालू होती, म्हणून गारेगार फॉर्म घेऊन पोस्टमास्तरांकडे गेले. पोस्टमास्तर खालच्या मजल्यावर राहतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रिकामा रकाना दिसला की त्यांचा हात शिवशिवतो.

"एक लक्षात ठेवा," पेनाचं टोपण काढत ते म्हणाले. "फॉर्मात मोकळी जागा सोडायची नाही. मोकळी जागा म्हणजे संशय. सांगा. आतापर्यंत गेलात त्यातली सगळ्यात मोठी उंची?"

गारेगारांनी विचार केला. "सातवा मजला. गच्ची. लिफ्ट बंद होती. फ्रिज पाठीवर होता, तेही लिहा."

पोस्टमास्तरांनी लिहिलं. अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी सरकारी.

पुढचा रकाना आला आणि गारेगारांचे डोळे चमकले. अख्ख्या परक्या फॉर्मात एक शब्द त्यांना घरचा भेटला होता. व्हिजिट. व्हिजिटचा उद्देश.

"हे मला विचारा!" ते खुर्चीतून पुढे सरकले. "व्हिजिट म्हणजे आपलंच काम. अडतीस वर्षं दुसरं केलंय काय?"

त्यांच्या धंद्यात व्हिजिटला एकच अर्थ. गिऱ्हाइकाचा फोन येतो, माणूस घरी जाऊन बघतो, ती व्हिजिट. तिचा कागद ठरलेला असतो: तक्रार, पाहणी, सोबत आणलेली हत्यारं, अनुभव. गारेगारांनी धडाधड सांगितलं, पोस्टमास्तरांनी धडाधड उतरवलं. तक्रार, बर्फ कमी होत आहे. पाहणी, जागेवर जाऊन हात लावल्याशिवाय सांगता येत नाही. हत्यारं, थर्मामीटर, टॉर्च, पकड. बर्फाचा अनुभव, अडतीस वर्षं, अखंड.

"अखंड कसं? मध्ये तुमचा हात मोडला होता."

"तेव्हा डाव्या हाताने केलं."

मुलीने घाईघाईत, न वाचताच फॉर्मचा फोटो काढून पाठवून दिला. जिने चालू राहिले. दहा दिवस गेले, पंधरा गेले. दुकानात फोन वाजला की गारेगारांचा जीव टांगणीला. पलीकडून कुणी तरी म्हणायचं, "आमचा फ्रिज पाणी टाकतोय," आणि ते हिरमुसून म्हणायचे, "टाकू दे."

सतराव्या दिवशी उत्तर आलं. मुलीने ते फोनवर वाचलं, परत वाचलं आणि मग मोठ्याने मराठीत सांगितलं. पत्र उद्यानातल्या बर्फाचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंचं होतं. आपला अर्ज पर्यटन विभागाने आमच्याकडे पाठवला. आपला इतका दीर्घ अनुभव पाहून आनंद झाला. जाणकार म्हणून आपल्याला कठड्याच्या पुढे, बर्फाच्या कडेपर्यंत जाण्याची परवानगी मिळू शकते. फक्त आपण कोणत्या संस्थेत आहात आणि कोणत्या प्रकारच्या बर्फावर काम केलं आहे, तेवढं एका ओळीत कळवा.

"बर्फाच्या कडेपर्यंत!" गारेगार खुर्चीवरून उठलेच. "म्हटलं नव्हतं? माणसंच आहेत म्हणून! मला म्हणजे हात…"

"बाबा, थांबा. तुम्ही फॉर्मात काय लिहिलं होतंत?"

फोटो उघडला गेला. मुलगी वाचत गेली तसा तिचा हात कपाळावर गेला. "बाबा! व्हिजिट म्हणजे नुसती भेट हो! फिरायला येताय की कामाला, एवढंच विचारलं होतं त्यांनी. तुम्ही तर त्यांच्या डोंगराची तक्रार नोंदवून घेतलीत!"

बायको पदराने तोंड दाबून हसत होती. "पकड कशाला लिहिलीत? बर्फाचे नट आवळणार होतात?"

पोस्टमास्तरांना वर बोलावलं गेलं. त्यांनी फोटो नखशिखांत बघितला आणि ठामपणे सांगितलं, "यात एक अक्षर खोटं नाही. अडतीस वर्षं? खरी. बर्फ? खरा. त्यांनी विचारलं नाही कुठला, आपण सांगितलं नाही."

"आता विचारलंय ना," मुलगी म्हणाली.

"मग लिहा, 'स्वतंत्र व्यवसाय, घरगुती बर्फ.' परदेशी माणसाला काय कळतंय?"

हे बोलणं गारेगारांना पटलं, म्हणजे पटावंसं वाटलं. दोनशे पावलं. तेवढ्याच अंतरावर तो निळा बर्फ, आणि मध्ये फक्त एक ओळ. संध्याकाळी ते जिने चढायला गेले नाहीत. जेवताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा बायकोने भाजीत मीठ जास्त पडलं का म्हणून चाखून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरून बोलावणं आलं. घर नवं, फ्रिज कपाटाएवढा, दारावर काचेची पाटी, तिच्यावर आकडे लुकलुकतायत. आत सगळं बंद.

"तुमचं नाव ऐकून बोलावलंय," घरमालक म्हणाले. "उघडा, बघा, काय ते करा."

गारेगारांनी मागे जाऊन कान लावला. चहूबाजूंनी बघितलं. मग पिशवी उचलली.

"हे माझं नाही, साहेब. यात सगळं पाटीवर चालतं. कंपनीच्या माणसाला बोलवा."

"अहो, फ्रिज तो फ्रिज! इतकी वर्षं करताय. नुसता हात तर लावून बघा."

"लावतो म्हणाल तर लावीन. पण मग तुम्हाला वाटेल की गारेगारांनी हात लावलाय, आता होईल. आणि तुम्ही दुसऱ्याला बोलावणार नाही. तिथेच घोटाळा होतो."

हे वाक्य त्यांनी अनेक घरांत अनेकदा म्हटलं होतं, सुरी घालून खरवडू नकाच्या खालोखाल. पण या वेळी ते जिना उतरता उतरता मध्येच उभे राहिले. एक बाई पिशव्या घेऊन वर येत होती, तिला वाट देताना म्हणाले, "च्यायला!" ती दचकली. "तुम्हाला नाही हो. स्वतःलाच."

दुकान न उघडता ते तडक घरी आले. मुलगी शाळेला निघाली होती.

"पाच मिनिटं थांब. त्या बाईंना लिहायचंय."

"बाबा, उशीर…"

"लिही. मी सांगतो तसं. फार पॉलिश मारू नको."

आणि मुलीने दारातच, एक चप्पल पायात, एक हातात, फोनवर लिहून घेतलं. मी फ्रिज दुरुस्त करतो. माझी संस्था म्हणजे एक दुकान, त्यात मी आणि एक स्टूल. मी काम केलेला बर्फ वाटीभर असतो, फार तर घमेलंभर. व्हिजिट या शब्दाचा आमच्यात वेगळा अर्थ आहे, त्याने घोळ झाला. मी तुमच्या बर्फाच्या कडेवर गेलो, तर तुम्हाला वाटेल जाणकार आलाय, आणि मला त्यातलं काही कळत नाही. तेव्हा माझं नाव त्या यादीतून काढा. साध्या यादीत जागा असेल तर कळवा. नसेल तर निदान एवढं सांगा: तो निळा का असतो? पुढच्या कडेला रोज वितळतो, तर मागून नवा कुठून येतो? आणि आत कान लावला तर काही ऐकू येतं का?

"पाठवू? नक्की?" मुलीने विचारलं. "साध्या यादीत जागा नसेल तर दोन्हीकडून जाईल."

गारेगारांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, जणू तेच मध्ये पडतील अशी भीती होती. "पाठव."

मग आठवडाभर घरात कुणी तो विषय काढला नाही. पोस्टमास्तर तेवढे जिन्यात भेटले की 'हातातला घास घालवलात' अशा नजरेने बघायचे. गारेगार पिशवी घेऊन मुकाट्याने जिने चढायचे, आता सवय लागली म्हणून. दम मात्र वाढला होता. सातव्या मजल्यावर पोचूनही ते एक पूर्ण वाक्य बोलू शकत होते, फक्त बोलायला काही नव्हतं.

उत्तर आलं ते लांबलचक होतं. मुलीने सगळ्यांना बसवून वाचलं.

बाईंनी लिहिलं होतं की अर्ज वाचून त्या बुचकळ्यात पडल्या होत्या, कारण त्यांच्या इतक्या वर्षांत पकड घेऊन येणारा जाणकार त्यांनी पाहिला नव्हता. नाव यादीतून काढलं आहे. मग प्रश्नांची उत्तरं होती, एक पानभर. तुमच्या फ्रिजमधल्या बर्फात हवा अडकलेली असते म्हणून तो पांढरा. आमच्या बर्फावर वर्षानुवर्षं नवा बर्फ पडतो, खालचा दाबला जातो, हवा निघून जाते. मग उजेड त्यात खोल शिरतो, तांबडा आतच जिरतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. वर पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दिवसाला बोटभर खाली सरकतो, म्हणून पुढची कड वितळली तरी मागून भर येते. सध्या भर कमी, वितळणं जास्त. आणि हो, ऐकू येतं. करकरतो, कधी तडकतो.

"बोटभर!" गारेगारांनी स्वतःचं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि त्याच्याकडे असं बघितलं की जणू तेच चालायला लागेल. "एवढं मोठं धूड, आणि चालतं?"

शेवटच्या ओळी राहिल्या होत्या. साध्या यादीत एक जागा रिकामी झाली आहे. लाकडी कठड्यापर्यंतच येता येईल. बर्फाला हात लावता येणार नाही, याला अपवाद नाही, विनंती करू नये. चार दिवसांत कळवावं.

मुलीने फोन खाली ठेवला. गारेगारांनी तळहात गुडघ्यावर पालथा घातला, उलटा केला, परत पालथा घातला.

"दोनशे पावलं," ते म्हणाले. "एवढं जायचं, आणि दोनशे पावलं आधी थांबायचं. मग मला कळणार काय? हात लावल्याशिवाय मला आजवर काही कळलंय?"

मुलीला वाटलं, आता हे नाही म्हणतील आणि उद्यापासून पुन्हा दुकान ते घर चारशे पावलं.

बायको भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अडतीस वर्षं हातच लावताय की त्याला. दिसला बर्फ की घातला हात, दिसला की घातला. कधी नुसतं उभं राहून बघितलंय का? या बर्फाचं तुम्हाला काही करायचं नाहीये. तो बिघडला असेल, पण तुमच्या हाताने दुरुस्त होणार नाहीये. तुम्ही पाहुणे म्हणून चाललाय. पाहुणा कधी यजमानाचा फ्रिज उघडतो का?"

गारेगार तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं.

"उघडतो," ते म्हणाले. "मी उघडतो. तुझ्या बहिणीकडे गेलो की पहिल्यांदा तेच करतो."

"माहितीये. म्हणून तर ती तुम्हाला बोलवत नाही."

मुलीने फोन उचलला. "मग काय कळवू, बाबा?"

"येतो म्हणून कळव. कठड्याच्या अलीकडे उभा राहीन म्हणावं, हात खिशात घालून." ते थोडे थांबले आणि पुढे सरकून बसले. "आणि हे विचार, त्या कठड्यावर सकाळी ऊन किती वाजता येतं. मला ऊन यायच्या आत पोचायचंय. आधी कसा असतो आणि ऊन पडल्यावर कसा होतो, दोन्ही बघायचंय."